भुकेप्रमाणे नंबर

डेपोच्या फाटकासमोरच्या कोपऱ्यावर आत्याचा गाडा एकवीस वर्षं उभा होता. गाड्यावर आमलेट, उकडलेली अंडी आणि भाजलेला ब्रेड एवढंच मिळायचं, आणि तेही कागदावर. मागितला तर कागद दुसरा मिळायचा. त्या काळी ही चैन समजली जात असे.

ती सगळ्या जगाची आत्या कशी झाली, ही हकिगत लहान आहे. गाडा लावला त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून तिचा सख्खा भाचा आला आणि "आत्या, एक डबल दे" असं ठणकावून म्हणाला. मागच्या ड्रायव्हरनं तीच हाक उचलली, त्याच्या मागच्या कंडक्टरनं त्याची. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे असलेले डेपोचे मॅनेजरसुद्धा तिला आत्या म्हणू लागले, तेव्हा तिनंही मागेपुढे न बघता त्यांना "काय रे" म्हणायला सुरुवात केली.

या गाड्यावर लाइन असायची, पण नंबर आधी आल्याप्रमाणे लागत नसे. तो भुकेप्रमाणे लागे. गाडा नवा होता तेव्हा एकदा असं झालं, की लाइनीत सहावा उभा असलेला एक ड्रायव्हर चक्कर येऊन पडला. त्याच्या पुढचे पाचजण कुठल्याशा कचेरीतले कारकून होते, घरून पोटभर खाऊन आलेले होते, आणि आमलेट कडेनं कुरकुरीत असावं की मधून, यावर त्यांची चर्चा चालली होती. त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली आणि आत्यानं नियम केला. सगळ्यात भुकेला आधी. बाकीच्यांनी चर्चा करावी.

कोण किती भुकेला, हे ती कानाच्या पाळ्यांवरून ओळखायची. भुकेल्या माणसाच्या पाळ्या पांढऱ्या पडतात, हा तिचा स्वतःचा शोध. त्याला वैद्यकीय आधार काडीचा नव्हता, पण एकवीस वर्षांत ती एकदाच चुकली होती, आणि तो माणूस भुकेला नसून नुकताच लग्नाला होकार देऊन आलेला निघाला.

"तू घरून खाऊन आलायस," ती तव्यावरची नजर न काढता म्हणायची.

"आत्या, शप्पथ! दोनच बिस्किटं."

"मग दोन माणसं मागे हो."

एका बिस्किटाला एक माणूस, असा साधारण हिशेब होता. कुणी कुरकुरत नसे. डेपोतल्या लोकांना तर यात काही विशेष आहे, हेच ठाऊक नव्हतं. सगळ्या जगात असंच खायला मिळतं, अशी त्यांची समजूत होती. बारा नंबरची गाडी चालवणारा, म्हणून ज्याला सगळे बारा नंबर म्हणत, तो एकदा बायकोबरोबर हॉटेलात गेला आणि वेटरला कान दाखवून बसून राहिला.

मग शहराला चांगलं खायची अवदसा आठवली.

पहिला आला सूपवाला. तो म्हणे पंचतारांकित हॉटेलात मुख्य शेफ होता आणि लोकांमध्ये मिसळायचं म्हणून नोकरी सोडून आला होता. त्यानं आपला गाडा आत्याच्या शेजारी लावला आणि लोक मिसळू नयेत म्हणून भोवती दोरी बांधली. सूप तो काचेच्या चंबूतून द्यायचा आणि देण्याआधी डोळे मिटून उभा राहायचा. किती वेळ, ते सूपवर अवलंबून असे. टोमॅटोला कमी लागायचा, भोपळ्याला जास्त.

त्याच्यापाठोपाठ टोस्टवाली आली. तिच्या प्रत्येक टोस्टबरोबर त्या गव्हाचं चरित्र छापून मिळायचं. बुधवारी तिचा गाडा बंद असे, कारण कणकेला त्या दिवशी एकटीला सोडावं लागे. तिच्यानंतर नुसतं पाणी विकणारा एक दाढीवाला आला. पेला पुढे करण्याआधी तो त्या पाण्याचं बालपण सांगायचा. वर्ष संपेपर्यंत त्या रस्त्यावर अकरा नवे गाडे झाले. सगळे काळे, सगळ्यांवर पिवळे दिवे, आणि एकाही गाड्यावर किती वाजता काय मिळेल हे लिहिलेलं नाही. ते विचारणं गावंढळपणाचं समजत.

आत्याचं यांच्याशी वाकडं नव्हतं. सूपवाला दुपारी दोनच्या सुमारास दोरीखालून वाकून यायचा आणि पाठमोरा उभा राहून दोन उकडलेली अंडी खायचा.

"तुझं सूप का नाही पीत?" तिनं एकदा विचारलं.

"त्यानं पोट भरत नाही हो आत्या," तो म्हणाला. "त्यासाठी ते नसतंच."

इथवर सगळं ठीक होतं. पण एक दिवस महापालिकेचा माणूस आला आणि गाड्याला नोटीस चिकटवून गेला. रस्ता आता 'दर्जेदार खाद्यमार्ग' झाला होता. समिती येऊन प्रत्येक गाड्याला गुण देणार होती. शंभरात सत्तर मिळाले तर गाडा राहील. नाहीतर तो शहराबाहेरच्या मैदानात हलवला जाईल. त्या मैदानात आजवर फक्त सर्कस उतरली होती, आणि तीही कंटाळून निघून गेली होती.

आत्यानं नोटीस दोनदा वाचली. मग तिनं डेपोच्या फाटकाकडे बघितलं. आतून पहाटपाळीचे ड्रायव्हर जांभया देत बाहेर येत होते. मैदान इथून नऊ किलोमीटर. आमलेटसाठी अठरा किलोमीटर कोण येतंय? आणि न खाता ही माणसं साठ साठ लोकांना घेऊन गाड्या हाकणार.

तिनं भाच्याला बोलावून घेतलं.

भाचा आता पस्तिशीचा होता आणि एका जाहिरात कंपनीत बिस्किटांच्या पुड्याच्या मागच्या बाजूचा मजकूर लिहायचा. पुढच्या बाजूला अजून त्याची बढती झाली नव्हती. तो आला, गाड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "आत्या, पहिली गोष्ट. 'आमलेट' हा शब्द काढायचा."

"का? काय घाण आहे त्यात?"

"त्यात रहस्य नाही गं. लोकांना कळतं काय मिळणार ते."

"मग काय लिहू?"

"'अंडे: एक शक्यता'."

आत्यानं उलथनं खाली ठेवलं. "मेल्या, एकवीस वर्षं फुकट खाल्लीस तेव्हा शक्यता नव्हती का ती?"

"आणि तू जरा कमी बोलायचं. शेफ लोक बोलत नाहीत. फक्त लांब बघतात."

"लांब बघितलं तर आमलेट करपेल."

"करपू दे ना! करपलेल्याला वेगळे गुण आहेत."

शेवटी तडजोड झाली. गाड्याला काळा रंग द्यायचा, एक पिवळा दिवा लावायचा, आणि बाकी आत्या म्हणेल तसं. भाच्यानं फक्त एक मागणं मागितलं. "समिती आली की तिला पहिलं दे. कानबीन बघत बसू नकोस. आत्या, मी हात जोडतो. तुझी जागा जाईल."

"बघू," आत्या म्हणाली. ती 'बघू' म्हणाली की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे भाच्याला लहानपणापासून माहीत होतं. पण माणूस आशेवर जगतो आणि जाहिरातवाला तर दुसऱ्या कशावर जगतच नाही.

समितीत तिघं होते. एक अध्यक्ष, त्यांच्या जिभेचा विमा उतरवलेला होता. एक बाई, त्या प्रत्येक पदार्थात थर्मामीटर खुपसायच्या. आणि एक टिपणीस, तो लिहायचा. आत्याचा गाडा शेवटचा होता. तिथवर येताना तिघांनी सूप, टोस्ट, पाणी, धूर आणि आणखी सात गाड्यांवरचं काहीबाही खाल्लं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या बिटासारख्या लाल होत्या.

"आत्या," भाचा दातातल्या दातात म्हणाला, "समिती."

"दिसतंय मला. पोटं भरलीत त्यांची."

"बाई, आम्ही खायला नाही, चाखायला आलोय," अध्यक्ष म्हणाले.

"चाखायचं असेल तर शेजारी आहेत अकराजण. इथे भूक लागलेले खातात. बसा. लागेल."

भाच्यानं डोळे मिटले. सूपवाल्याला वाटलं, तोही भोपळ्याचं काहीतरी देणार आहे.

तिघं बाकावर बसले. लाइन पुढे सरकत होती. बारा नंबरनं खाल्लं, गॅरेजमधल्या मेकॅनिकनं खाल्लं, पलीकडच्या दवाखान्यातली सिस्टर दुपारपर्यंत लांबलेली रात्रपाळी उतरून आली होती, ती सगळ्यात मागे उभी राहिली तरी आत्यानं तिला खूण करून पुढे घेतलं. एक तास गेला. दुसरा गेला. पावणेदोनला अध्यक्षांनी एकाएकी पोटावर हात ठेवला.

"मला काहीतरी होतंय," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर घातला. तो मघाशी धुरात होता, पण वेळच तशी होती. "ताप नाही सर."

"आतून कुणीतरी ओढल्यासारखं वाटतंय."

आत्यानं मान वाकडी करून त्यांचा कान बघितला. "भूक लागलीय. नववा नंबर."

अध्यक्षांना नऊ वर्षांत भूक लागली नव्हती. त्यांच्या धंद्यात ती लागायला सवडच मिळत नाही. नववा नंबर येईपर्यंत ते बाकावर पुढेमागे डोलत राहिले, आणि कागदावरचं आमलेट हातात आलं तेव्हा त्यांनी ते चाखलं नाही, नुसतं खाल्लं. मग कागद चाटला. मग दुसरा कागद मागितला आणि त्यानं डोळे पुसले.

गुण मिळाले नव्व्याण्णव. एक गुण कापला, कारण कागदावर गाड्याचं मनोगत नव्हतं. अहवालात लिहिलं होतं: 'या गाड्यावर पदार्थ दुय्यम असून गिऱ्हाईक शिजवले जाते.' आत्याला तीन महिन्यांचा परवाना मिळाला. तीन महिन्यांनी पुन्हा पाहणी, आणि मग कायमचा. अट एकच. भुकेप्रमाणे नंबर ही जी अभिनव पद्धत आहे, तीत तिळमात्र बदल करायचा नाही. बदल केल्यास जागा रद्द.

"बदल कशाला करीन मी?" आत्या म्हणाली. "एकवीस वर्षांत नाही केला."

भाच्यानं तिला मिठी मारली आणि त्याच आठवड्यात हा अहवाल सगळीकडे पोचवला. तेवढं त्यानं करायला नको होतं.

पहिल्यांदा आले ते नुसते हौशी. नाश्ता न करता आलेले. त्यांना आत्या सहज मागे पाठवायची. मग काहीजण कानाला पावडर लावून आले. आत्या अंगठ्यानं पाळी पुसायची आणि अंगठा त्यांनाच दाखवायची. मग मात्र लोक खरोखर उपाशी राहायला लागले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. त्यांचे गट झाले. तीन दिवसवाले दोन दिवसवाल्यांशी बोलत नसत, कारण बोलायला त्यांच्यात त्राण नसे. उपाशी कसं राहावं, हे शिकवणारी एक संस्था निघाली. तिच्या उद्घाटनाला अल्पोपाहार होता, त्यावरून संस्था फुटली.

शेजारी सूपवाल्याचा जळफळाट झाला. त्यानं 'दुःखाप्रमाणे नंबर' सुरू केला. लोक त्याच्या दोरीला धरून आपापली दुःखं सांगायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा. दाढीवाल्यानं पाणी उंचीप्रमाणे द्यायला सुरुवात केली. त्यामागचं कारण त्याला विचारलं, तर तो पाण्याचं बालपणच सांगायचा.

पण खरी पंचाईत झाली ती आत्याची. पावडरवाले खोटे होते, त्यांना हाकलता येत होतं. हे तीन दिवसवाले खरे होते. त्यांच्या पाळ्या चुन्यासारख्या पांढऱ्या असत. नियमानं त्यांचाच नंबर आधी लागायचा, आणि नियम तिचाच होता.

"आत्या, मी काल दुपारपासून काही खाल्लं नाही," बारा नंबर म्हणाला. सकाळचे सहा चाळीस झाले होते. त्याची गाडी सहा पन्नासला सुटायची.

"तो पुढचा मंगळवारपासून उपाशी आहे."

"पण त्याला खायला नको कुणी म्हटलं?"

"कुणीच नाही म्हटलं रे."

"मग आम्ही काय करायचं? कामाला जाणारा माणूस उपाशी राहून राहून किती राहील? एक वेळ, दोन वेळ! यांना काय, दिवसभर दुसरा उद्योगच नाही. यांच्यापुढे आमचा निभाव कसा लागणार?"

आत्यानं मंगळवारवाल्याचं अंडं फोडलं. बारा नंबर तसाच गेला. त्या दिवशी त्याच्या हातून गाडी थांब्यांवर थांबवायचीच राहिली. दवाखान्याला निघालेले चौदा पेशंट थेट प्राणिसंग्रहालयाशी उतरले. त्यातल्या दोघांना माकडं बघून बरं वाटलं, ही गोष्ट वेगळी. सिस्टर आता येईनाशी झाली. मेकॅनिकनं घरून डबा आणायला सुरुवात केली, आणि गाड्यासमोरून जाताना तो डबा मागे लपवायचा. आत्याला ते सगळ्यात जास्त लागलं.

"पुढच्या सोमवारी पाहणी आहे," भाचा समजावत होता. "आठ दिवस कळ काढ. पद्धतीत उलथन्याइतकासुद्धा फरक नको. एकदा कायमचा परवाना हातात आला की तुझ्या लोकांना हवं तेव्हा दे, कोण विचारतंय?"

"आणि आठ दिवस ते काय खातील?"

"आत्या, ते आठ दिवस सोस. जागाच गेली तर त्यांना जन्मभर काही मिळणार नाही."

हे बोलणं बरोबर होतं, हीच त्यातली अडचण होती. आत्यानं आठ दिवस सोसले. तीन दिवसवाल्यांच्या उपाशी पोटाला एकदम आमलेट सोसत नाही म्हणून ती आधी त्यांना चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजायची. ते पाणी पिताना ते एकमेकांना सांगायचे, की हा पहिला टप्पा आहे.

सोमवारी सकाळी साडेसहालाच समिती आली. अध्यक्षांना बाई आणि टिपणीस दोन्ही बाजूंनी धरून आणत होते. अध्यक्ष चार दिवस उपाशी होते. अनुभव पूर्ण घ्यायचा, अशी त्यांची धंद्यातली निष्ठा होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या इतक्या पांढऱ्या होत्या की टिपणिसानं त्यावर चुकून काहीतरी लिहायला घेतलं होतं.

लाइनीतले चाळीस तीन दिवसवाले आदरानं बाजूला झाले. चार दिवस म्हणजे चार दिवस.

"माझा... नंबर... पहिला ना?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या खिशातून कायमच्या परवान्याचा कागद डोकावत होता. भाचा त्या कागदाकडे असं बघत होता, जसं उपाशी लोक तव्याकडे बघत होते.

आत्यानं अंडं उचललं. समोर रस्त्यापलीकडे बारा नंबरची गाडी घरघरत उभी होती, खिडक्यांमधून साठ चेहरे दिसत होते. बारा नंबर लाइनीच्या अगदी शेवटी उभा होता. काल त्याला दुसऱ्याचीही पाळी करावी लागली होती. खायची सुट्टी मिळाली ती बारा मिनिटं, आणि त्या बारा मिनिटांत त्यानं डोळे मिटून घेतले होते. त्याच्या पाळ्या काही पांढऱ्याशुभ्र नव्हत्या. मळकट होत्या, फिकुटल्या होत्या. कुणीही तटस्थ माणसानं सांगितलं असतं, की अध्यक्ष जास्त भुकेले आहेत.

"बारा नंबर," आत्या म्हणाली, "पुढे ये."

"मी?"

"तूच. आणि ते इंजिन बंद करून ये, साठ लोक धूर खातायत."

भाचा खाली बसला. बाक दोन हात लांब होता, म्हणून तो जमिनीवरच बसला.

"बाई," टिपणीस वही उघडत म्हणाला, "पद्धत बदलली तुम्ही. कलम चार."

"बदलली," आत्या म्हणाली. अंडं फुटलं आणि तव्यावर चर्र झालं.

"का... पण?" अध्यक्षांनी क्षीण आवाजात विचारलं. त्यांना राग आला होता, पण रागवायला ताकद लागते. "मी खोटा... नाही."

"खोटे नाहीच तुम्ही, साहेब. भूक खरी आहे तुमची. पण तुम्हाला जेवायला कुणी अडवलं होतं का? तुमच्या बाईंनी? की ह्या वहीवाल्यानं? याला गाडीनं अडवलं. याचं झालं की तुमचंच बघते."

बारा नंबरनं उभ्या उभ्या खाल्लं, चार घासांत. "आत्या, तुमची जागा—" तोंड भरलेलं असताना तो म्हणाला.

"गिळ आधी. आणि थांब्यावर थांब आज."

गाडी सहा बावन्नला सुटली.

अध्यक्षांनी परवान्याचा कागद परत खिशात सारला आणि दुसऱ्या खिशातून रद्द केल्याचा कागद काढला. सही करायला पेन टेकवलं. सहीचं पहिलं अक्षर उमटलं आणि पेन गळून पडलं. बाईंनी उचलून दिलं. पुन्हा गळलं.

भाचा जमिनीवरून तीरासारखा उठला आणि आत्याच्या कानाशी लागला. "आत्या! सही अर्धी राहिलीय. अर्ध्या सहीला काडीचा अर्थ नाही. अहवाल बारापर्यंत कचेरीत गेला नाही, तर आधीचेच नव्व्याण्णव गुण कायम होतात. मी कलमं वाचलीत सगळी. यांना काही देऊ नकोस. बाकीच्यांना दे सावकाश. लाइन आहे चाळीस जणांची, बारा सहज वाजतील."

आत्यानं अध्यक्षांकडे बघितलं. ते बाकावर एका बाजूला कलले होते. पाळ्या पांढऱ्या होऊन आता निळसर दिसायला लागल्या होत्या.

"अरे, माणूस मरायला टेकलाय."

"मरत नाही गं तो! पाच तासांचा तर प्रश्न आहे! तुझी जागा वाचतेय!"

"मेल्या, यांना उपाशी ठेवून जागा वाचवायची, तर इथे उभी राहून मी करू काय? टोस्टचं चरित्र सांगू?" तिनं पेल्यात साखर घातली, मीठ घातलं, पाणी घातलं आणि चमचा घेतला. "तोंड उघडा, साहेब."

तिनं त्यांना वीस चमचे पाणी पाजलं. मग अर्धा ब्रेड, कडा काढून. मग अर्ध्या तासानं मऊ आमलेट, त्यावर मीठ जरा कमी. अध्यक्षांच्या गालांवर रंग आला, पाठ सरळ झाली, नजर ठरली. अंगात जोर आला तसं त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पेन मागून घेतलं आणि सही पूर्ण केली. सही फार वळणदार आली. त्यांनी ती स्वतःच थोडा वेळ कौतुकानं बघितली.

"बाई," ते म्हणाले, "आयुष्यात असं आमलेट खाल्लं नव्हतं."

"पंधरा दिवसांत गाडा हलवायचा," टिपणीस म्हणाला.

"मनापासून सांगतो," अध्यक्ष म्हणाले.

"मैदानात," टिपणीस म्हणाला.

आत्यानं कागद घेतला, उडू नये म्हणून अंड्यांच्या ट्रेखाली ठेवला, आणि समितीच्या बाईंना विचारलं, की त्यांनी काही खाल्लं आहे का. बाईंनी थर्मामीटर पर्समध्ये ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

बातमी लाइनीत मागपर्यंत जायला पाच मिनिटं लागली. दर्जा गेलेल्या गाड्यावर खाण्यासाठी तीन दिवस उपाशी राहिलो, असं कुणाला सांगता येणार होतं? चाळीसच्या चाळीसजण एकमेकांना आधार देत सूपवाल्याच्या दोरीकडे निघाले. त्यांच्याकडे आता सांगण्यासारखं दुःखही होतं, त्यामुळे त्यांना तिथे बरे नंबर मिळाले. भाचा दोन दिवस गाड्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, काळा रंग खरवडायला बसला आणि खरवडता खरवडता म्हणाला, "मैदानाकडे कुठली गाडी जाते, काढू का शोधून?"

"डेपोचीच एखादी जात असेल. सावकाश काढ," आत्या म्हणाली. "कान दाखव. खाल्लं नाहीस तू."

उरलेल्या पंधरा दिवसांत डेपोची एकही गाडी उशिरा सुटली नाही. मॅनेजरनं ते फळ्यावर लिहून ठेवलं आणि कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं. मेकॅनिकचा डबा बंद झाला. सिस्टर रात्रपाळी उतरली की पुन्हा यायला लागली. चौदाव्या दिवशी सकाळी ती आणि मेकॅनिक एकदमच तव्यासमोर आले.

"आत्या, मी रात्रभर उभी आहे."

"आणि मी गाडीखाली झोपून नव्हे, आडवा पडून काम करत होतो! कान बघा माझा!"

"कानाला तुमच्या ग्रीस लागलंय. ते काय पांढरं दिसणार?"

"मग पुसून बघा की!"

"मी का पुसू? आत्या, यांना सांग गं काहीतरी."

आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, पदराला हात पुसले आणि दोन अंडी एकदम फोडली.